खोगिराची खरखरीत बाजू

कमरेचा चामडी पट्टा काढून उलटा करून बघा. बाहेरून तुकतुकीत, आतून खरखरीत. आतल्या बाजूवर बोट फिरवलं तर बारीक लव लागते. जनावर एकच, चामडं एकच. वरच्या बाजूला पॉलिश लावलं की ती चमकते. तेच पॉलिश आतल्या बाजूला लावलं तर काय होईल? हे करून बघायची वेळ सहसा कुणावर येत नाही, कारण ती बाजू दिसतच नाही.

महाळुंग्यात मात्र हा प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत झाला. चाकणजवळचं हे गाव आता कारखान्यांचं म्हणून ओळखलं जातं. शिफ्ट सुटली की रस्त्यावर बसगाड्या आणि दुचाक्यांचा लोंढा लागतो. पण खेड तालुक्यातल्या बैलगाडा शर्यतींत बैलांच्या पुढे घोडी पळते, आणि त्यामुळे कंपन्यांच्या कुंपणांपलीकडच्या गोठ्यांत बैलांशेजारी एखादी घोडी बांधलेली अजूनही दिसते. ओळखीच्या एका मामांनी घोडी फिरवायला पोलोचं एक जुनं खोगीर विकत आणलं होतं. त्याचे दोन्ही बाजूंना लोंबणारे पडदे, म्हणजे जिथे स्वाराच्या मांड्या आणि गुडघे टेकतात तो भाग, खरखरीत चामड्याचे होते. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी भाच्याने त्यावर मन लावून बुटाचं तपकिरी पॉलिश घासलं. चमक आली नाहीच, डाग मात्र पडले. दुसऱ्या दिवशी मामा उतरले ते पडद्यावर हात फिरवतच. "गुडघा ठरतच नाही रे. साबण चोळल्यासारखं झालंय," ते म्हणाले.

भाच्याच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. चुकली होती ती बाजू.

एका कातड्याचे दोन स्वभाव

कातडं म्हणजे सगळीकडून सारखा पत्रा नव्हे. ते उभं कापून भिंगाखाली धरलं तर धाग्यांचा दाट गुंता दिसतो. हे धागे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे. काथ्याच्या तंतूंना पीळ देऊन सुंभ होतो, सुंभ एकत्र वळून दोर होतो आणि दोरांचा दोरखंड. कोलॅजेनचंही तसंच असतं. तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात तेव्हा त्याचा एक रेणू होतो. अशा रेणूंचे तंतू, तंतूंचे धागे आणि धाग्यांच्या जुड्या. या जुड्या कापडासारख्या उभ्या-आडव्या विणलेल्या नसतात. लोकरीच्या नमद्यासारख्या त्या सगळ्या दिशांनी एकमेकींत अडकलेल्या असतात.

जनावराच्या केसांकडच्या बाजूला हे धागे अगदी बारीक आणि दाट असतात, म्हणून ती बाजू गुळगुळीत. मांसाकडच्या बाजूला जुड्या जाड आणि सैल होत जातात. कातडं सोलून मांस खरवडलं की या जुड्यांची टोकं कापली जातात आणि मोकळी राहतात. तीच आपल्या बोटाला लागणारी लव.

पोलोच्या खोगिरात ही खरखरीत बाजू मुद्दाम बाहेर ठेवतात, कारण ती पकड देते. घोंगडीवर घोंगडी सरकत नाही, पण रेशमी साड्यांची थप्पी जरा कलली की घसरते. पडद्यावरच्या हजारो मोकळ्या टोकांत स्वाराच्या विजारीचं कापड असंच अडकून राहतं. घोडा भरधाव असताना अचानक वळतो तेव्हा स्वार त्या पकडीवर टिकतो. पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण. गुळगुळीत बाजूवर त्याचा पातळ सपाट थर बसतो आणि आरशासारखा उजेड परतवतो. खरखरीत बाजूवर ते लवेच्या मुळाशी शिरतं, टोकं आडवी पाडतं आणि तिथेच चिकटवून टाकतं. चमक येत नाही, कारण खालचा पृष्ठभाग सपाट नसतो. पकड जाते, कारण अडकायला टोकंच उरत नाहीत. मामांचा गुडघा घसरला तो यामुळे.

आपल्याकडचं जुनं खोगीर खरं तर चामड्याचं नसेच. कापडाच्या खोळीत चिंध्या-लोकर भरून ते करत, आणि 'खोगीरभरती' हा शब्द त्याच भरावातून आला. चामड्याचं ते जीन, आणि ते करणारे जीनगर. आज बोलताना दोन्हींना खोगीरच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

वेल्डरचा हातमोजा आणि स्वाराचा पडदा

महाळुंग्यात खरखरीत चामडं बघायला घोडीच्या गोठ्यापर्यंत जायची गरज नाही. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डरच्या हातात ते असतं. पण त्याचा हातमोजा आणि मामांच्या खोगिराचा पडदा यांत मोठा फरक आहे.

जाड कातडं यंत्रावर आडवं चिरतात, पाव मधोमध कापावा तसं. वरचा, केसांकडचा थर बूट-पिशव्यांना जातो. खालचा थर दोन्ही अंगांनी खरखरीत असतो. हातमोजे आणि ॲप्रन बहुधा त्याचेच होतात. स्वस्त, जाड आणि ठिणगी सोसणारा. खोगिराचा चांगला पडदा मात्र न चिरलेल्या, अख्ख्या जाडीच्या चामड्याचा असतो. ते फक्त उलटं लावलेलं असतं. गुळगुळीत, दाट विणीचा थर आत शाबूत राहतो, त्यामुळे ताकदही राहते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांचे अनेक बूट अशाच उलट्या चामड्याचे होते. तिसरा प्रकार म्हणजे केसांकडचीच बाजू पॉलिशपेपरने घासून मखमली केलेली. ती दिसते सुंदर, पण घासकामाला टिकत नाही.

ओळखायचं कसं? पडदा उचलून त्याची पाठ बघा. पाठ गुळगुळीत असेल तर चामडं अख्खं आहे. दोन्हीकडे लव असेल तर चिरलेलं. हे आधी बघून ठेवायचं, कारण तेल कुठून द्यायचं ते यावरच ठरतं.

हिरडा चावून बघा

निगा समजायची तर चामडं कमावणं म्हणजे काय हे थोडं समजायला हवं. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर पत्र्यासारखं कडक होतं. कमावल्यावर दोन्ही टळतं.

हिरड्याचा तुकडा चावला, किंवा कच्चं जांभूळ खाल्लं, की जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी होते. आपण त्याला तुरट म्हणतो. हिरड्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. चामडं कमावताना हेच कातड्यातल्या प्रथिनाचं होतं. टॅनिनं कोलॅजेनच्या धाग्यांना जागोजाग धरून ठेवतात. मग कुजवणाऱ्या जंतूंना तिथे सहज शिरकाव होत नाही, आणि वाळताना धागे एकमेकांना कायमचे चिकटत नाहीत. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. कातडं शिवून त्याची पिशवी करायची, तीत साल आणि पाणी भरून टांगायची, आणि तो काढा हळूहळू पाझरू द्यायचा. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 

खोगिराचं चामडंही बहुतेक वेळा असं वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं असतं. हातमोज्याचं सहसा क्रोमियमच्या क्षारांनी, जे काम फार लवकर उरकतं. उष्णतेपुढे दोघांची तऱ्हा वेगळी. ओलं कच्चं कातडं साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आक्रसतं, सालीत कमावलेलं ७० ते ८५ च्या दरम्यान, आणि क्रोमचं १०० च्या आसपास पोचेपर्यंत तग धरतं. आक्रसतं म्हणजे त्या तीन साखळ्यांचा पीळ सुटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो. चामड्यात उलटं घडतं: सुंभ समोर दिसत असतो आणि पीळ गेलेला असतो, आणि तो परत आणता येत नाही. घामाने भिजलेला हातमोजा तापलेल्या कामाजवळ ठेवला तर तो लहान आणि टणक होतो, हे प्रत्येक वेल्डरने पाहिलेलं आहे. म्हणूनच पावसात भिजलेलं खोगीर शेकोटीजवळ, हीटरसमोर किंवा तापलेल्या पत्र्यावर वाळवायचं नाही. सावलीत, वाऱ्याला, दोन दिवस लागले तरी चालतील.

घाम, फेस आणि चाकणची धूळ

आता मळ कशाचा बसतो ते बघू. घोडी पळून आली की तिच्या मानेवर आणि तंगाजवळ, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याजवळ, पांढरा फेस दिसतो. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं आणि ते साबणासारखं वागतं. दाट, तेलकट केसांवर घाम थेंबाथेंबाने न राहता पसरावा, लवकर उडावा आणि अंग निवावं, यासाठीची ही सोय आहे. शिवाय हा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट. तो चामड्यात मुरतो, पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. दमट हवेत मीठ पाणी ओढतं, कोरड्या हवेत सोडतं. या ओढाताणीत धागे कडक आणि ठिसूळ होत जातात.

दुसरा शत्रू धूळ. आमच्याकडे बांधकामं, खडीचे डंपर आणि कच्चे रस्ते बारा महिने. या धुळीतल्या बारीक कणांना धारदार कडा असतात. ते लवेच्या मुळाशी बसले की स्वाराच्या प्रत्येक हालचालीबरोबर धागे कापत राहतात. बाहेरून चामडं धडधाकट दिसतं आणि आतून झिजत असतं.

तिसरा शत्रू आमच्या औद्योगिक पट्ट्याचा खास: लोखंड. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकून काळी शाई करत असत. टॅनिन आणि लोखंड भेटले की निळसर काळा रंग होतो. सालीत कमावलेलं ओलं चामडं आणि ग्राइंडिंगचा लोखंडी कीस यांची गाठ पडली की नेमकं हेच होतं. शेडमधून आलेल्या हातांनी ओलं खोगीर पुसलं तर काळे ठिपके उमटतात आणि ते धुऊन जात नाहीत. तारेचा ब्रश टाळायचा तोही यासाठी. घोडीचा लोखंडी खरारा घोडीलाच ठेवावा.

आधी कोरडं, मग जेमतेम ओलं

खरखरीत चामडं साफ करणं म्हणजे आडवी पडलेली टोकं पुन्हा उभी करणं. याला पाणी लागत नाही, ब्रश लागतो. काथ्याचा किंवा कडक केसांचा ब्रश घ्या आणि आधी एकाच दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. धूळ पूर्ण निघेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. धुळीवर पाणी पडलं की चिखल होतो आणि चिखल लवेच्या तळाशी जातो.

गुडघ्याखालचे भाग घामाने आणि घासण्याने चपटे, काळपट, जवळजवळ गुळगुळीत झालेले असतात. तिथे साधं खोडरबर चालवा. कागदावरची शिसपेन्सिल उचलावी तसं ते मळ उचलतं. तेवढ्याने लव उठली नाही तर अगदी बारीक पॉलिशपेपर दोन-तीनदा हलक्या हाताने. मामांच्या पडद्यावरचं मेण असंच निघालं, चार संध्याकाळी लागल्या. दर वेळी रबराचे चुरे तपकिरी होऊन पडत. पाचव्या दिवशी मामांनी पडद्यावर तळवा टेकवून पुढे ढकलला आणि तो मधेच अडला.

एवढं करूनही घामाचा मळ राहिला तरच ओलं करायचं, आणि तेही पाण्याने नव्हे, फेसाने. कपड्याचा साबण नको. चामडं दह्याताकासारखं आम्लधर्मी असतं, कपड्याचा साबण सोड्याच्या बाजूचा. त्याने टॅनिनांची पकड सैल होते आणि रंग काळवंडतो. ग्लिसरीनचा सौम्य साबण किंवा खोगिरासाठी मिळणारा साबण घ्या, ओलसर स्पंजावर घट्ट फेस करा आणि फक्त फेस लावा. पूर्ण पडदा एका दमात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. नुसता डाग पुसलात तर वाळल्यावर तिथे कडं दिसतं. मेजावर सांडलेल्या चहाच्या थेंबाची किनार गडद होते, कारण वाळताना पाणी रंग कडेला वाहून नेतं. इथेही तेच होतं. फेस पुसून घ्या, सावलीत ठेवा, आणि अर्धवट ओलं असताना एकदा ब्रश फिरवा. तेव्हा उभी केलेली लव वाळतानाही उभी राहते.

चौकट: पांढरं दिसतंय, ते काय?

खोगिरावर पांढरी छटा दिसली की लोक घाईने तेल लावतात. आधी ओळखा.

मीठ: घामाच्या जागी, कोरडं, किंचित करकरीत. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा मारली तरी जात नाही. ब्रश करा, मग जेमतेम ओल्या फडक्याने टिपा.

गोठलेली चरबी: थंडीच्या दिवसांत, जास्त तेल दिलेल्या भागावर. कोमट हवेने विरघळून नाहीशी होते. फडक्याने पुसून घ्या आणि पुढच्या वेळी तेल कमी द्या.

बुरशी: मऊ, ठिपक्याठिपक्यांची, कुबट वासाची. खोगीर घराबाहेर नेऊन, तोंडावर फडकं बांधून ब्रश करा आणि ते फडकं नंतर धुवा.

तेल कुठलं, किती आणि कोणत्या बाजूने

शेवया शिजवून नुसत्या ठेवल्या तर त्यांचा गोळा होतो, चमचाभर तूप घातलं की सुट्या राहतात. चामड्यात तेलाचं काम एवढंच आहे: धाग्यांना एकमेकांवरून सरकू देणं. तेल कमी पडलं तर वाकवताना धागे तुटतात आणि भेग जाते. जास्त झालं तर चामडं लिबलिबीत होतं, शिवण सैलावते आणि धूळ चिकटते. खरखरीत बाजू मोकळी असल्याने टीपकागदासारखं तेल पिते. लावाल तेवढं ती घेत राहते, आणि आणखी हवं आहे असं वाटून लावणारा फसतो.

म्हणून अख्ख्या जाडीचा पडदा असेल तर तो उचलून पाठीच्या गुळगुळीत बाजूने तेल द्यावं. तिथून ते सावकाश मुरतं आणि लवेपर्यंत फारसं पोचत नाही. एका पडद्याला चहाचा एक चमचा पुरतो. फडक्यावर घेऊन पसरायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी वाकवून बघायचं. चामडं किंचित दमट असताना तेल जास्त सारखं मुरतं: पाणी निघत जातं आणि त्याच्या जागी तेल शिरतं. लव थोडी गडद होईल, त्याला इलाज नाही.

खोबरेल देऊ नका. डिसेंबरात आपल्या घरातली खोबरेलाची बाटली गोठते, साधारण २४ अंशांखाली. तेच चामड्याच्या आत होतं आणि पांढरी छटा वर येते. जवसाचं तेल तर रंगकामात वापरतात ते वाळून टणक पापुद्रा होतो म्हणूनच, त्यामुळे ते खोगिराला अजिबात नको. शेंगदाण्याचं आणि सोयाबीनचं तेल कालांतराने चिकट आणि खवट होतं. गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं, नीट्सफूट नावाने मिळणारं तेल थंडीतही पातळ राहतं आणि वाळत नाही. खोगिरासाठी ते जगभर वापरतात. एरंडेलही वाळत नाही, पण दाट असल्याने ते अगदी थोडं घ्यावं लागतं.

वेल्डरच्या हातमोज्याला मात्र कुठलंही तेल लावायचं नाही. तेल मुरलेल्या मोज्यावर ठिणगी पडली तर मोजा पेटू शकतो. तो टणक झाला की बदलायचा.

एक दुखणं तेलानेही बरं होत नाही. फार जुन्या, सालीत कमावलेल्या चामड्यावर बोट फिरवलं की कधी कधी विटकरी रंगाची पूड हाताला लागते. हवेतले गंधकाचे वायू चामड्यात मुरून आम्ल तयार होतं आणि ते धागे खाऊन टाकतं. १८४० च्या दशकात मायकल फॅरडे यांनी लंडनच्या अथिनियम क्लबातल्या कुजणाऱ्या चामडी खुर्च्यांचा माग काढला तो गॅसच्या दिव्यांपर्यंत पोचला. त्या धुरात गंधक होतं. जनरेटर आणि भट्ट्यांच्या धुरात राहणाऱ्या आपण हे ध्यानात ठेवलेलं बरं. अशा पूड सुटलेल्या खोगिरावर स्वारी करू नये.

पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडची हवा सतत दमट. हवेतला दमटपणा ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशीला फावतं, आणि तेल-घाम मुरलेलं चामडं तिला मेजवानीच. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे खोगीर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकणं. ओल आतच कोंडते. जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं पांघरूण घाला, खोगीर भिंतीपासून सुटं, लाकडी आडव्या दांडीवर ठेवा आणि आठवड्यातून एकदा ब्रश फिरवा. आलेलं कोवळं ऊन तासभर दाखवलं तर चालतं. दिवसभर उन्हात ठेवू नये, रंग उडतो आणि वरचे धागे ठिसूळ होतात.

पडदा साफ झाला म्हणून खोगीर तयार झालं असं समजू नका. स्वाराचा जीव पडद्यावर नसतो, तंगाच्या पट्ट्यांवर आणि रिकिबीच्या वाद्यांवर असतो. त्या गुळगुळीत चामड्याच्या असतात, पण त्यांनाही तेल बेतानेच द्यावं. प्रत्येक पट्टा भोकापाशी दुमडून उजेडात धरा. बारीक भेगांची जाळी दिसली किंवा शिवणीचा दोरा नखाने तुटला, तर चैत्रातल्या यात्रा लागायच्या आधी तो मोच्याकडून बदलून घ्या. मामांच्या खोगिराचा डावा पट्टा असाच निघाला. तिसऱ्या भोकापाशी त्याची अर्धी जाडी गेलेली होती, आणि वरून त्यावर भाच्याचं पॉलिश चमकत होतं.